परवानगी दिली होती, तरी ॲप पुन्हा का विचारतंय? आणि विचारत नसेल तर गप्प का बसलंय?

"ॲपला परवानगी दिली होती, ती आपोआप बंद झाली" आणि "परवानगी चालू दिसतेय, तरी ॲप काम करत नाही" या दोन तक्रारी ऐकायला सारख्या वाटतात. दोन्हींवर मिळणारा सल्लाही एकच असतो: ॲप काढा, पुन्हा टाका आणि जे विचारेल त्याला 'अलाऊ' म्हणा. काही दिवस बरं वाटतं, मग दुखणं परत येतं. कारण पहिल्या तक्रारीत परवानगी गेलेली असते, तर दुसरीत परवानगी जागेवर असते आणि ॲपच झोपलेलं असतं. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत, म्हणून कुठलाही स्विच हलवण्याआधी तुमची तक्रार यातली कुठली ते ठरवा.

अँड्रॉइडवर ॲपच्या आयकॉनवर बोट दाबून धरा, 'ॲप इन्फो' उघडा आणि 'परमिशन्स'मध्ये जा. आयफोनवर 'सेटिंग्ज'च्या शोधपट्टीत ॲपचं नाव टाका. अँड्रॉइड फोन बनवणाऱ्या कंपन्या मेन्यूंची नावं आणि जागा मनाला येईल तशा बदलतात. त्यामुळे खाली दिलेलं नाव तुमच्या फोनवर जसंच्या तसं दिसलं नाही, तर सेटिंग्जमध्ये शोधून बघा.

परवानगी खरंच गेलेली दिसते

अँड्रॉइड ६ येईपर्यंत, म्हणजे २०१५ पर्यंत, ॲप टाकताना सगळ्या परवानग्या एकगठ्ठा द्याव्या लागत आणि ॲप काढेपर्यंत त्या टिकत. आपली सवय अजून तीच आहे: एकदा हो म्हटलं की झालं. ऑपरेटिंग सिस्टिमनं मात्र तो करार केव्हाच मोडलाय. आता परवानगीला मुदत असते.

सगळ्यात छोटी मुदत 'ओन्ली धिस टाइम'ची. अँड्रॉइड ११ पासून स्थान, कॅमेरा आणि मायक्रोफोनसाठी हा पर्याय येतो. ॲप पडद्यावर आहे तोवर परवानगी असते, ॲप मागे गेलं की थोड्याच वेळात ती काढून घेतली जाते. आयफोनवर आयओएस १३ पासून स्थानासाठी 'अलाऊ वन्स' आहे, त्याचाही न्याय हाच. दर वेळी ॲप उघडल्यावर तोच प्रश्न येत असेल तर आधी इथेच बघा. घाईत हा पर्याय दाबला जातो आणि नंतर दोष ॲपला मिळतो. रोजच्या वापरातलं विश्वासाचं ॲप असेल तर 'व्हाइल यूझिंग द ॲप' निवडा, प्रश्न थांबेल. क्वचित लागणाऱ्या ॲपला मात्र दर वेळी विचारू द्यावं असं माझं मत आहे. तो त्रास नाही, ती सोय आहे.

दुसरी मुदत लांबची आहे, आणि "काहीच केलं नाही तरी गेली" या तक्रारींमागे बहुतेक वेळा तीच असते. २०२० मध्ये आलेल्या अँड्रॉइड ११ नं न वापरलेल्या ॲपच्या परवानग्या काही महिन्यांनी आपोआप काढून घ्यायला सुरुवात केली. डिसेंबर २०२१ पासून गूगल प्ले सर्व्हिसेसच्या, म्हणजे फोनमध्ये मागे चालणाऱ्या गूगलच्या सेवांच्या मार्फत हीच गोष्ट अँड्रॉइड ६ ते १० च्या फोनांवरही येऊ लागली. त्यामुळे "माझा फोन जुना आहे, मला हे लागू नाही" असं धरून चालू नका. अँड्रॉइड १२ आणखी पुढे गेला. असं ॲप तो निजवूनच टाकतो: तात्पुरत्या फाइली काढतो, मागची कामं थांबवतो आणि नोटिफिकेशनही पोहोचू देत नाही.

यातली खरी मेख 'वापर' कशाला म्हणायचं यात आहे. ॲप उघडणं हा वापर, त्याच्या विजेटला (होम स्क्रीनवरच्या छोट्या चौकटीला) किंवा नोटिफिकेशनला हात लावणं हाही वापर. नोटिफिकेशन नुसतं सरकवून टाकलं तर तो वापर नाही, आणि ॲप मागच्या मागे वेळापत्रकानं आपलं काम करत राहिलं तरी तो वापर धरला जात नाही. म्हणजे ज्या ॲपचं कौतुकच असं की एकदा लावलं की बघावं लागत नाही, त्यालाच याचा फटका बसतो. फोटोंचा बॅकअप घेणारं ॲप, घरातल्या उपकरणांवर लक्ष ठेवणारं ॲप, प्रवासाची नोंद ठेवणारं ॲप ही त्याची गिऱ्हाइकं. महिनोन् महिने न बघता चालतात आणि एक दिवस कळतं, बॅकअप कधीचाच थांबलाय.

उपाय प्रत्येक ॲपपुरता आहे. 'ॲप इन्फो'मध्ये परवानग्यांच्या आसपास एक स्विच असतो. त्याचं नाव आवृत्तीगणिक बदललंय: आधी 'रिमूव्ह परमिशन्स इफ ॲप इझन्ट यूज्ड', मग 'पॉज ॲप ॲक्टिव्हिटी इफ अनयूज्ड', नव्या फोनांवर 'मॅनेज ॲप इफ अनयूज्ड'. मागे चालणाऱ्या ज्या ॲपवर तुम्ही विसंबून आहात त्याच्यापुरता तो बंद करा. सरसकट सगळ्यांचा बंद करू नका. तीन वर्षांपूर्वी एकदाच वापरलेल्या टॉर्चच्या ॲपकडे आजही संपर्कयादी असावी असं कुणालाच वाटत नाही, आणि या स्विचमुळेच ती त्याच्याकडे राहत नाही. निजलेलं ॲप उघडलं की जागं होतं, पण काढलेल्या परवानग्या त्यासोबत परत येत नाहीत. त्या नव्यानं द्याव्या लागतात.

तिसरं कारण आपल्याच हातचं. अँड्रॉइडवर 'क्लिअर स्टोरेज' किंवा 'क्लिअर डेटा' केलं की ॲपच्या परवानग्याही पुसल्या जातात. 'क्लिअर कॅशे'नं तसं होत नाही. जागा मोकळी करण्याच्या उत्साहात लोक पहिलं बटण दाबतात. ॲप काढून पुन्हा टाकण्याचा सल्ला उलटा पडतो तो याच कारणानं: सगळं पुन्हा पहिल्यापासून.

बटण दाबतो, पण फोन विचारतच नाही

ॲप म्हणतं 'परवानगी द्या', तुम्ही बटण दाबता आणि काहीच होत नाही. ॲप बिघडलेलं नाही. अँड्रॉइड ११ पासून एकाच परवानगीला दोनदा नकार दिला की सिस्टिम त्याचा अर्थ 'परत विचारू नका' असा घेते आणि तो चौकोन पुन्हा दाखवत नाही. आयफोन त्याहून कडक आहे. कॅमेरा, मायक्रोफोन, नोटिफिकेशन यांसाठी ॲपला एकदाच विचारता येतं. त्यानंतर रस्ता फक्त सेटिंग्जमधून. चांगली ॲप थेट त्या पानावर नेऊन सोडतात, बाकीची नुसतं बटण दाखवत राहतात.

स्विच राखाडी आहे, हलतच नाही

इथे थोडं थांबावं लागेल, कारण या कुलपाची किल्ली सांगितली की ती चुकीच्या हातातही जाते.

२०२२ च्या अँड्रॉइड १३ पासून स्टोअरबाहेरून, म्हणजे ब्राउझरमधून किंवा संदेशातून आलेली एपीके (अँड्रॉइड ॲपची) फाइल उघडून टाकलेल्या ॲपला दोन गोष्टी सहजासहजी मिळत नाहीत: ॲक्सेसिबिलिटी सेवा आणि नोटिफिकेशन वाचण्याची मुभा. स्विच राखाडी दिसतो आणि तो दाबला की 'रिस्ट्रिक्टेड सेटिंग' अशी पाटी येते. अँड्रॉइड १५ मध्ये हा निर्बंध आणखी काही परवानग्यांना लागू झाला.

खात्रीच्या ठिकाणाहून घेतलेलं ॲप असेल तर किल्ली अशी: आधी तो राखाडी स्विच एकदा दाबून ती पाटी येऊ द्या. मग 'ॲप इन्फो'मध्ये वरच्या कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांत 'अलाऊ रिस्ट्रिक्टेड सेटिंग्ज' निवडा. पाटी यायच्या आधी हा पर्याय तिथे दिसत नाही. "माझ्याकडे तीन ठिपकेच नाहीत" म्हणणाऱ्यांचं बहुतेक वेळा इथेच अडलेलं असतं.

आता हे कुलूप का आहे ते. ॲक्सेसिबिलिटी सेवा मुळात ज्यांना पडदा दिसत नाही किंवा बोटांनी फोन हाताळता येत नाही त्यांच्यासाठी आहे. त्यामुळे ती मिळालेलं ॲप पडद्यावरचं सगळं वाचू शकतं आणि तुमच्या वतीनं बटणंही दाबू शकतं. बँकेचे पैसे उडवणाऱ्या ॲपना नेमकं हेच हवं असतं. नोटिफिकेशन वाचता आलं की ओटीपीही वाचता येतो. म्हणून नियम सोपा ठेवा: फोनवर बोलत असलेला माणूस तुम्हाला या तीन ठिपक्यांपर्यंत नेत असेल, तर तो स्वतःला कुणीही म्हणवत असो, फोन ठेवा आणि ते ॲप काढून टाका.

याच सेवेची आणखी एक नेहमीची तक्रार आहे: चालू केलेली ॲक्सेसिबिलिटी दर काही दिवसांनी आपोआप बंद होते. ॲप 'फोर्स स्टॉप' झालं की त्याची ही सेवाही बंद होते. ते तुम्ही केलेलं नसेल तर फोनमधल्या बॅटरी वाचवणाऱ्या किंवा 'क्लीनर' छापाच्या सोयीनं केलं असण्याची शक्यता मोठी. परवानगी पुन्हा पुन्हा देत बसू नका, त्या सोयीच्या यादीतून ॲपला सूट द्या.

स्विच राखाडी असण्याची बाकीची कारणं साधी आहेत. आयफोनवर 'स्क्रीन टाइम'मधल्या 'कंटेंट अँड प्रायव्हसी रिस्ट्रिक्शन्स'मध्ये बदल करायला बंदी घातलेली असू शकते. मुलाच्या अँड्रॉइड फोनवर पालकांचं 'फॅमिली लिंक' असू शकतं. कार्यालयाचा फोन असेल तर व्यवस्थापकानं लावलेली बंधनं असतात, आणि ती तुमच्या हातात नाहीत.

परवानगी जागेवर आहे, पण काम होत नाही

पहिला संशयित स्थान. 'व्हाइल यूझिंग'चा अर्थ शब्दशः घ्या: मुख्यतः ॲप पडद्यावर असताना. पडदा बंद केल्यावर धावण्याची नोंद थांबत असेल किंवा ठिकाणावर पोहोचल्यावर येणारी आठवण येत नसेल, तर ॲपला 'अलाऊ ऑल द टाइम' हवं असू शकतं. अँड्रॉइड १० नं हे दोन पर्याय वेगळे केले आणि अँड्रॉइड ११ नं 'ऑल द टाइम' त्या विचारणाऱ्या चौकोनातूनच काढून सेटिंग्जमध्ये नेऊन ठेवलं. म्हणून तुम्ही कितीही वेळा 'अलाऊ' म्हटलंत तरी ते मिळालेलं नसतं. आयफोनवर 'ऑलवेज' दिलं तरी सिस्टिम अधूनमधून नकाशा दाखवून विचारते: या ॲपनं मागून तुमचं स्थान इतक्या ठिकाणी वापरलं, चालू ठेवायचं का? तिथे घाईत 'चेंज टू ओन्ली व्हाइल यूझिंग' दाबलं गेलं की परवानगी 'आपोआप' गेली असं वाटतं.

नकाशावरचा ठिपका भलतीकडेच दिसत असेल तर 'प्रिसाइज लोकेशन' बघा. आयओएस १४ आणि अँड्रॉइड १२ पासून नेमकं आणि अंदाजे स्थान वेगवेगळं देता येतं. अँड्रॉइडवर अंदाजे म्हणजे साधारण ३ चौरस किलोमीटरचा पट्टा. हवामानाच्या ॲपला तेवढं पुष्कळ झालं. गाडी बोलावणाऱ्या ॲपला ते पुरणार नाही.

दुसरा संशयित फोटो, आणि इथला घोटाळा मजेशीर आहे. "ॲपमध्ये जुने फोटो दिसतात, नवे येतच नाहीत." तुम्ही सगळे फोटो दिलेलेच नसतात, निवडक दिलेले असतात, आणि आज काढलेला फोटो त्या निवडीत आपोआप जात नाही. आयफोनवर आयओएस १४ पासून आणि अँड्रॉइडवर १४ व्या आवृत्तीपासून हा पर्याय आहे. आयओएस १८ मध्ये संपर्कयादीचंही तसंच झालंय. अँड्रॉइड १४ वर याच्या पुढचा एक पेच आहे. ॲपच्या निर्मात्यानं या निवडीच्या सोयीशी जुळवून घेतलं नसेल, तर निवडलेल्या फोटोंची मुभा त्या वेळेपुरतीच राहते. ॲप मागे गेलं की ती संपते आणि पुढच्या वेळी निवड पुन्हा पहिल्यापासून. हे चिडीला आणणारं आहे, पण तुमच्या बाजूनं एवढंच करता येतं: सगळे फोटो द्या, नाहीतर दर वेळी निवडा. बॅकअपचं ॲप असेल तर पहिलं, एखादा फोटो चिकटवण्यापुरतं ॲप असेल तर दुसरं.

तिसरा संशयित असा की परवानग्यांच्या पानावर तो दिसतच नाही. अँड्रॉइड १२ पासून कॅमेरा आणि मायक्रोफोन अख्ख्या फोनसाठी बंद करणारी बटणं वरून खाली ओढायच्या पट्टीत ठेवता येतात. ती बंद असताना ॲप कॅमेऱ्याकडे गेलं तर त्याला रिकामं चित्र मिळतं, मायक्रोफोनकडे गेलं तर शांतता. ॲपला वाटतं सगळं सुरळीत चाललंय. "माझा आवाज पलीकडे जातच नाही, परवानगी तर चालू आहे" या तक्रारीला अर्ध्या मिनिटाचं उत्तर इथे मिळू शकतं. स्थानाचा असाच मुख्य स्विच दोन्हीकडे आहे. अँड्रॉइड ११ आणि त्याआधीच्या फोनांवर ब्लूटूथनं आसपासची उपकरणं शोधायलासुद्धा स्थानाची परवानगी लागते. स्मार्ट घड्याळ किंवा फिटनेस पट्टा सापडत नसेल तर तेही तपासा. आयफोनवर घरातल्या वाय-फायवरचा टीव्ही किंवा प्रिंटर ॲपला दिसत नसेल तर 'लोकल नेटवर्क' ही वेगळी परवानगी आहे.

ॲप उघडलं की सगळं ठीक, एरवी सगळं बंद

हे परवानगीचं दुखणं नाही, बॅटरीचं आहे. पण माणसं शोध घेतात तो परवानगीचाच.

अँड्रॉइड ६ पासून फोन पडून असला की सिस्टिम ॲपची मागची कामं एकत्र करून लांबणीवर टाकते. अँड्रॉइड ९ पासून ती ॲपना वापरानुसार गटांत टाकते. जितका वापर कमी, तितकी मागे काम करायची संधी कमी. सगळ्यात खालच्या 'रिस्ट्रिक्टेड' गटातल्या ॲपच्या वाट्याला मागच्या कामासाठी दिवसातून एक छोटी खिडकी येते. त्यावर फोन बनवणाऱ्या कंपन्यांचे आपापले बंदोबस्त असतात, 'ऑटो स्टार्ट'सारख्या, म्हणजे कुठल्या ॲपना आपणहून सुरू होऊ द्यायचं ते ठरवणाऱ्या याद्यांसकट. माझ्या मते या अतिउत्साही बंदोबस्तांनी जितकी चांगली ॲप बदनाम केली, तितकी ॲपमधल्या चुकांनी केली नसतील.

'ॲप इन्फो'मध्ये 'बॅटरी' उघडा. तिथे सहसा 'अनरिस्ट्रिक्टेड', 'ऑप्टिमाइज्ड' आणि 'रिस्ट्रिक्टेड' हे तीन पर्याय असतात. अडणाऱ्या ॲपला पहिला द्या आणि कंपनीची 'ऑटो स्टार्ट' यादी असेल तर तिथेही सूट द्या. औषधाची किंवा कामाची आठवण उशिरा येत असेल तर आणखी एक ठिकाण आहे. अँड्रॉइड १४ वर नव्यानं टाकलेल्या बहुतेक ॲपना ठरल्या मिनिटाला गजर लावायची मुभा आपोआप मिळत नाही. ती 'स्पेशल ॲप ॲक्सेस'मधल्या 'अलार्म्स अँड रिमाइंडर्स'मध्ये द्यावी लागते. आणि नोटिफिकेशन अजिबातच येत नसेल, तर अँड्रॉइड १३ पासून त्याचीही स्वतंत्र परवानगी आहे.

आयफोनवर ॲपला मागे ताजं होऊ देणारं 'बॅकग्राउंड ॲप रिफ्रेश' बघा. 'लो पॉवर मोड' चालू असताना ते थांबतं. आणि ॲप वर सरकवून बंद करायची सवय असेल तर ती सोडा. तसं बंद केलेलं ॲप पुन्हा उघडेपर्यंत मागे ताजं होत नाही, आणि बॅटरी वाचते हा समजही बहुतांशी खोटा आहे.

एवढं करूनही संशय फिटत नसेल तर अँड्रॉइड १२ पासूनचा 'प्रायव्हसी डॅशबोर्ड' किंवा आयओएस १५.२ पासूनचा 'ॲप प्रायव्हसी रिपोर्ट' उघडा. कुठल्या ॲपनं कुठली परवानगी कधी वापरली ते तिथे दिसतं. आयफोनचा अहवाल आधी चालू करावा लागतो, मग तो सात दिवसांच्या नोंदी दाखवतो. हे लोक हेरगिरी पकडायला वापरतात, पण बिघाड शोधायलाही ते उत्तम आहेत. समजा पहाटे पाचला ॲपनं स्थान घ्यायला हवं होतं. त्या वेळची नोंदच नसेल तर ॲप चाललंच नाही, म्हणजे बॅटरीकडे वळा. नोंद असेल आणि तरी काम झालं नसेल तर परवानगी चोख आहे, घोळ ॲपच्या आत आहे.

जे उघडणारच नाही

काही दारांना किल्लीच नाही. अँड्रॉइड १० पासून मागे असलेलं ॲप क्लिपबोर्ड, म्हणजे तुम्ही कॉपी केलेला मजकूर, वाचू शकत नाही. कीबोर्ड आणि समोर उघडं असलेलं ॲप एवढेच अपवाद. कॉपी केलेल्या मजकुराची आपोआप यादी ठेवणारी जुनी ॲप त्यामुळे लंगडी झाली. अँड्रॉइड ११ पासून फाइल मॅनेजरला 'ऑल फाइल्स ॲक्सेस' दिला तरी दुसऱ्या ॲपचे 'अँड्रॉइड/डेटा'मधले कप्पे दिसत नाहीत. संदेश आणि कॉलची नोंद वाचण्यावर गूगल प्लेनं २०१९ च्या सुरुवातीपासून बंधन आणलं. मुख्यतः जी ॲप फोन किंवा संदेशांसाठी मुख्य ॲप म्हणून निवडलेली असतात, त्यांनाच ते मिळतं. ॲक्सेसिबिलिटीच्या आडून कॉल रेकॉर्ड करायची वाट ११ मे २०२२ पासून प्लेवरच्या ॲपसाठी बंद आहे. आयफोनवर बाहेरच्या ॲपना तुमचे संदेश आणि कॉल चाळायची मुभा कधी नव्हतीच. अशा कामासाठी "आमचं ॲप टाका, फक्त एवढ्या परवानग्या द्या" असं कुणी सांगत असेल तर एक तर ते चालणार नाही, नाहीतर ते भलतंच काही करणार आहे.

फार जुनं ॲप अँड्रॉइड १४ वर टाकताच येत नसेल, तर त्याचंही कारण याच वाटेवरचं आहे. अँड्रॉइड ६ च्या आधीच्या नियमांवर बेतलेलं ॲप हा फोन टाकूच देत नाही, कारण घातक ॲप मुद्दाम जुनं असल्याचं सोंग घेऊन एकगठ्ठा परवानग्या मिळवत असत.

सगळं तपासून झालं आणि निर्मात्याला लिहायची वेळ आली, तर "परवानगी दिली तरी चालत नाही" एवढंच लिहू नका. फोनचं मॉडेल, सिस्टिमची आवृत्ती, ॲपची आवृत्ती, ॲप स्टोअरमधून घेतलंय की फाइलमधून, परवानगीच्या पानावरचा नेमका पर्याय, बॅटरीचा पर्याय आणि डॅशबोर्डवरच्या नोंदीची वेळ एवढं द्या. स्क्रीनशॉट पाठवताना त्यात दुसऱ्या ॲपची नोटिफिकेशनं दिसत नाहीत ना, तेही बघा.